पार्टिशनपलीकडची अक्का

अक्का, तुझी शपथ मोडली. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं बोलायला मोकळी. तुझ्या शोकसभेत, भरल्या हॉलमध्ये, सेक्रेटरीसाहेब आणि हेडसर पहिल्या रांगेत बसलेले असताना मी उभी राहिले आणि सांगितलं, की आमच्या अक्कांना ऐकू येत नव्हतं. शपथ मोडली की ज्याची घातली तो मरतो म्हणतात. तू तर पंधरा दिवसांपूर्वीच गेलीस, न सांगता, न विचारता. आता त्या शपथेनं कुणाचं काय वाकडं होणार आहे? राग आला असेल तर ये आणि भांड. मी चौथीच्या वर्गातच आहे, कुठं जातेय?

सगळे म्हणतायत, कमलबाईंना दुःखानं काही सुचेना झालंय. त्यांना म्हणू दे. मला इतकं नीट आयुष्यात कधी सुचलं नव्हतं.

आपली शाळा ज्यानं पाहिली नाही त्याला आपलं नातं कळायचं नाही. एका लांब हॉलचे दोन वर्ग केलेले, मधे प्लायवूडचं घडीचं पार्टिशन, खाली चाकं. संस्थेचा कार्यक्रम असला की ढकलून बाजूला करायचं, संपला की परत ओढायचं. वर दोन हात मोकळं, खाली वीतभर मोकळं. अलीकडं माझी चौथी, पलीकडं तुझी तिसरी. बाहेर रस्त्यावर रिक्षा, मागच्या गल्लीत पॉवरलूम, डोक्यावर पत्रा आणि त्याला लटकलेले खडखडणारे पंखे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तू! तुझा आवाज पार्टिशनवरून यायचा, खालून यायचा, मला तर वाटायचं प्लायवूडमधून आरपार यायचा. मी इकडं नदीचा उगम शिकवतेय आणि तिकडं तुझी पन्नास पोरं बेंबीच्या देठापासून 'बारा साते चौऱ्याऐंशी' ओरडतायत. मग माझी पोरं नदी सोडून तुझ्याबरोबर 'बारा आठे शहाण्णव' म्हणायला लागायची.

तुला मी पाठीमागं भोंगा म्हणायची. हे तुला माहीत होतं का गं? स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. तुला कुणी सांगितलं नसणार, आणि सांगितलं असतं तरी तू हसली असतीस.

पहिली दोन वर्षं आपलं अहो-जाहो होतं. तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, मी नवीन, मोहोळकडच्या खेड्यातनं आलेली. आमची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि गुरुजी हळू आवाजात शिकवायचे, मलाही तीच सवय. एक दिवस माझा तोल सुटला. पार्टिशनला वळसा घालून तुझ्या वर्गात आले आणि पोरांसमोर म्हणाले, "अक्का, जरा हळू शिकव की! माझ्या पोरांना माझं काही ऐकूच येत नाही." रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' झालं ते कायमचं झालं. तू माझ्याकडं टक लावून बघत राहिलीस आणि म्हणालीस, "अय्यो, एवढ्याशा गलक्याला भ्यायलीस? आमच्या घरात चार माग हुते. त्या खटखटीत मी पाळण्यात झोपले, त्या खटखटीतच अभ्यास केला. मला काय झालं गं? पोरं गलक्यात बी शिकत्यात. सवय हुती."

सवय हुती. हे तुझं पालुपद मी चौदा वर्षं ऐकलं. मी म्हणायची, सवय होते ती आवाज सहन करायची, शिकायची नाही. तू म्हणायचीस, मग मी मास्तरीण कशी झाले? तू समोर धडधाकट उभी असायचीस, हातात खडू, आणि तुझ्या वर्गाचे पाढे सगळ्या शाळेत पक्के. मी परत माझ्या बाजूला यायची.

आणि तरीही, खरं सांगू? एका वर्षी माझा घसा बसला, तोंडातून हवेशिवाय काही निघेना, तेव्हा आठ दिवस माझा वर्ग कुणी घेतला? तूच. तू तुझ्या बाजूलाच उभी, आणि पार्टिशनवरून माझ्या पोरांचे पाढे घेत होतीस. मी इकडं फळ्यावर नुसती लिहीत होते. "चौथी, आवाज कुटं गेला रे तुमचा बी? बाईंचाच बसलाय की!" असं तू तिकडून ओरडलीस आणि दोन्ही वर्ग एकदम हसले. मला हसायलाही आवाज नव्हता. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा तुझा आवाज हवासा वाटला.

मग ते मास्कचे दिवस आले. शाळा उघडली आणि तू सगळ्यांशी भांडायला लागलीस. हेडसर तोंडातल्या तोंडात बोलतात, पोरं पुटपुटतात, कमल, तू तर काय सुपारी धरून बोलतीस का? आम्ही म्हणालो, अक्का वयानं चिडचिड्या झाल्या. एका मधल्या सुट्टीत आपण खिडकीशी डबा घेऊन बसलो होतो. मी मास्क खाली करून पाणी प्यायले आणि तशीच काहीतरी बोलले, तू पटकन उत्तर दिलंस. मास्क वर करून बोलले, तर तू म्हणालीस, "काय?" पुन्हा खाली, पुन्हा उत्तर. पुन्हा वर, पुन्हा "काय?" माझ्या मनात पाल चुकचुकली. मी मास्कमागून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "अक्का, तुझ्या डब्यात मुंग्या झाल्यात." तू हसून मान डोलावलीस आणि म्हणालीस, "व्हय की, यंदा ऊन लईच हाय."

मी मास्क काढला आणि तेच वाक्य परत बोलले. तू आधी डब्यात बघितलंस, मग माझ्या तोंडाकडं. तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. तू इतकी वर्षं माणसांची तोंडं वाचत होतीस आणि ते तुलाच ठाऊक नव्हतं.

मागावरची माणसं असंच बोलतात, हे तूच मला नंतर सांगितलंस. चार माग चालू असताना ओरडून काय उपयोग? मग ओठ हलवायचे, हातानं दाखवायचं, दोरा तुटला, जेवायला ये, पाव्हणे आलेत. तुझी आई तुला अशी हाक मारायची की आवाज नाहीच, नुसते ओठ. तुम्हां सगळ्यांना वाटायचं, आपण ऐकतो.

सात रस्त्याजवळच्या कानाच्या डॉक्टरकडं मी तुला ओढत नेलं. त्यांनी तुला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबा. तू झकास दाबत होतीस, एकही चुकेना. डॉक्टर चक्रावले. मी बघितलं तर तू काचेतून त्यांचा हात बघत होतीस. हात यंत्रावर हलला की दाबायचं! कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा तुझा चेहरा झाला. मग त्यांनी तुझी खुर्ची फिरवली, तोंड भिंतीकडं केलं. तू बटण हातात धरून नुसती बसून राहिलीस. बराच वेळ. मी बाहेर उभी, आणि मला रडू आवरेना.

बाहेर आल्यावर फूटपाथवर तू थांबलीस. रिक्षावाले ओरडत होते, तुला कुणाशी देणं-घेणं नव्हतं. मला वाटलं तू कानाबद्दल बोलशील. तू म्हणालीस, "कमल, म्हंजे मी ऐकून शिकलेच न्हाय. बघून शिकले. पहिल्या बाकावर बसायची ना मी, बाईंचं तोंड दिसायचं." आणि मग म्हणालीस, "मग ज्यांना तोंड दिसत न्हाय, त्या पोरांनी काय करायचं गं?"

चौदा वर्षांचं भांडण त्या एका प्रश्नात संपलं. मी जिंकले होते म्हणे. मला अजिबात तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू वर्गातल्या एकेका बाकावर जाऊन बसायला लागलीस. मला म्हणायचीस, "फळ्यापाशी उभी ऱ्हा आन बोल." आणि तू डोळे मिटून बसायचीस. कुठल्या बाकावर काय पोहोचतं, काय नाही. पाढे ओरडून घेणं तू बंद केलंस. साठीकडं झुकलेली बाई, सगळ्या शाळेत जिचे पाढे गाजलेले, तिनं स्वतःची पद्धत मोडली आणि कुणाला कारणही सांगितलं नाही. हेडसर वर्गाबाहेर थांबून विचारायचे, "अक्का, तब्येत बरी आहे ना? वर्ग शांत आहे." शांत वर्ग म्हणजे बाई काम करत नाहीत, असंच आपल्याकडं धरतात.

त्याच वर्षी रेणुका माझ्या चौथीत आली. पार्टिशनला चिकटलेला शेवटचा बाक. ओरडून पाढे थांबले होते, पण तुझा शिकवायचा आवाज तिथं अजून यायचाच. तिच्या वहीत मी लाल पेनानं काय लिहायची? 'लक्ष नाही.' जूनपासून दिवाळीपर्यंत, लक्ष नाही, लक्ष नाही. आईला बोलावून सांगितलं, पोरगी मंद आहे, हिला खालच्या वर्गात बसवू. मी! गलक्यात पोरं शिकत नाहीत म्हणून चौदा वर्षं तुझं डोकं खाणारी मी! तू ती वही मागून घेतलीस आणि माझ्यासमोर आपटलीस. "डोळे फुटले का तुजे? बघ की." मी बघितलं. श्रुतलेखनाची ओळ सुरू माझ्या वाक्यानं आणि संपलेली तुझ्या गणितात. परिसर अभ्यासाच्या पानावर मधेच तुझ्या वर्गाचा भागाकार, आणि तो बरोबर सोडवलेला. तिसरीत ती तुझ्याकडं होती, पण नावापुरती. शाळाच बंद होती. बुडालेली तिसरी ती पार्टिशनमधून गोळा करत होती. तू म्हणालीस, "ही पोरगी मंद न्हाय. ही एकाच वेळी दोन वर्ग शिकतीय. आपुन दोघी मिळून हिला छळतोय."

मी लाल शाईचा तो शेरा तेव्हापासून कुणाच्या वहीत लिहिलेला नाही. तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

मग आपण अर्ज केला. पार्टिशन काढून पक्की भिंत बांधावी, पत्र्यापर्यंत. दोघींच्या सह्या. उत्तर आलं, हॉल कार्यक्रमाला लागतो. दुसरा अर्ज, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, अक्का, तुझ्या कानाचं लिहू या. एवढी खणखणीत बाई गोंगाटानं बहिरी झाली म्हटल्यावर त्यांची तोंडं बंद होतील. आणि तू भडकलीस. "बहिरी बाई शिकवती म्हटलं की पालक दाखले काढून नेतील. माजी शपथ हाय तुला, कुणापाशी बोललीस तर." मी म्हणाले, तुझी अब्रू मोठी की पोरांचे कान? हे बोलायला नको होतं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, तिसऱ्या दिवशी शेंगापोळी आणून टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस. तिसरा अर्ज कानाबद्दल न लिहिताच गेला, आणि त्या विषयावर आपण परत कधी बोललो नाही. भांडण तसंच अर्धवट पडून राहिलं आणि तू गेलीस.

आता शोकसभेचं ऐक. पार्टिशन ढकलून बाजूला केलेलं, खुर्च्या शेवटच्या भिंतीपर्यंत. तुझा हसरा फोटो. तुझ्या हाताखाली शिकलेला एक इंजिनिअर बोलला, "बाई म्हणायच्या, माझ्याकडं बघून बोल, तोंड वर कर! त्यातून आम्हाला धीटपणा आला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. तू त्याचे ओठ बघत होतीस आणि पोरगं धीट झालं, हे काय कमी आहे?

मग सेक्रेटरीसाहेब उठले. म्हणाले, अक्कांचा खणखणीत आवाज ही या शाळेची शान होती. त्या आवाजाची आठवण म्हणून माजी विद्यार्थी दोन माईक-स्पीकरचे संच देत आहेत. एक तिसरीला, एक चौथीला. पार्टिशनच्या दोन्ही अंगांना एकेक. टाळ्या.

अक्का, माझं डोकंच फिरलं. त्या डॉक्टरांनी तुला कानाचं मशीन लावून दिलं होतं, ते तू तीन दिवसांत काढून टाकलंस आणि म्हणालीस, "आवाज वाढून काय उपेग? गोंगाट बी तेवढाच वाढतोय की." आणि हे तुझ्या नावानं दोन भोंगे समोरासमोर बांधणार!

माझं नाव पुकारलं. मला माईक दिला, मी तो टेबलावर ठेवला. वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाले, "मागच्या रांगांना सांगायचंय, तुमच्या खुर्च्यांखाली साप निघालाय." पहिल्या तीन रांगा ताडकन मागं वळल्या. हेडसर अर्धे उठले. आणि मागच्या रांगा? त्यांनी दुःखी चेहऱ्यानं माना डोलावल्या. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला.

मग मी माईक उचलला आणि म्हणाले, मी आत्ता काय बोलले ते पुढच्यांनी मागच्यांना सांगा. कुजबुज मागं गेली, तशा शेवटच्या रांगेत बायका किंचाळत खुर्च्यांवर चढल्या. साप नाही, बसा, मी म्हणाले. पण असता तर? आमची मागच्या बाकावरची पोरं रोज अशाच माना हलवतात. आम्ही समजतो, कळलं. नाहीतर वहीत लिहितो, लक्ष नाही. आणि मग सगळं सांगून टाकलं. काचेची खोली, फिरवलेली खुर्ची, रेणुकाची वही. ज्या आवाजाचं तुम्ही कौतुक करताय, म्हणाले, तो मोठा होता कारण त्या बाईला स्वतःलाच तो ऐकू यायचा नाही. बोलताना माझा आवाज फाटला आणि मी रडले. रडत रडत बोलले. थांबले नाही.

हेडसर म्हणाले, "कमलबाई, भावनेच्या भरात..." मी म्हणाले, "सर, भावना राहू द्या. भिंतीचं बोला."

तेव्हा शेवटच्या रांगेतून तुझी भावजय उठली. अजून मागावर जाते, तीच. चालत पुढं आली, माझ्या तोंडासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्या घरात सगळ्यांचंच असं हाय. माज्या नातीचं बी नाव हितंच घातलंय, पहिलीत. ती कुटं बसती?" मी पहिल्या रांगेकडं बोट केलं. ती वळून सेक्रेटरीसाहेबांसमोर गेली आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी मान डोलावली. "मान नका हलवू, तोंडानं सांगा," ती म्हणाली.

एकाही पालकानं दाखला काढलेला नाही, अक्का. ऐकतेयस ना? एकानंही नाही. चौथ्या अर्जाखाली तुझ्या भावजयीचा अंगठा आहे आणि त्याखाली सह्यांची दोन पानं भरलीत. माईकचे खोके हेडसरांच्या खोलीत तसेच बांधलेले आहेत. ते सोडले तर मी वर्ग घेऊन व्हरांड्यात बसणार, हे लेखी दिलंय. 'मीटिंगमध्ये विषय घेऊ' असं म्हणतायत. घ्या म्हणावं. मी त्या मीटिंगच्या दारात बसते.

तुझी तिसरी सध्या लायब्ररीच्या खोलीत नेलीय. पार्टिशनपलीकडं कुणी नाही. परवा मी फळ्याकडं तोंड करून, लिहिता लिहिता, सहज एक प्रश्न विचारला. उत्तर आलं ते पार्टिशनला चिकटलेल्या शेवटच्या बाकावरून. मी मागं वळले तर त्या बाकावरचे चार हात वर होते. एकोणीस वर्षांत त्या बाकावरून इतके हात कधी आले नव्हते. मला आनंद झाला आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली, की खडू ठेवून बाहेर गेले.

सोमवारी तुझ्या जागी नवीन बाई येतायत आणि तिसरी परत पार्टिशनपलीकडं येणार. तरुण आहेत, आवाज चांगला आहे म्हणे. त्या तिकडं शिकवायला लागतील आणि हे चार हात खाली जातील. मी ते होऊ देणार नाही. तू मेलीस म्हणून मिळालेली शांतता मला नको. मला ती विटांची पाहिजे, पत्र्यापर्यंत, आणि अक्का, ती मी घेणारच.